चित्रं बघून, गाणी ऐकून तुमचं कपाट बदललं का?

करवतकाठी

खूप दिवसांनी जिलबी (म्हणजे नवा धागा) टाकतेय, सांभाळून घ्या.

दिवाळीआधी कपाट आवरायला काढलं. एक्केचाळीस कुर्ते निघाले. तरी "घालायला काही नाही" हे मी म्हटलंच. नवरा म्हणाला, "म्हणजे एक्केचाळीस वेळा चुकलीस." त्याला त्या दिवशी दुसरा चहा मिळाला नाही, पण वाक्य डोक्यातून गेलं नाही.

त्यातली एक चूक मुद्दाम सांगण्यासारखी आहे. काही वर्षांपूर्वी मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन संग्रहाच्या दालनात अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचं चित्र पहिल्यांदा समोरासमोर पाहिलं. छापील पुस्तकात बघून "बरं, पिवळं आहे" एवढंच वाटायचं. प्रत्यक्षात पाय निघेना. लेक सँडविचसाठी हात ओढत होती, मी तिथेच. त्याच रात्री ऑनलाइन शोधून तसलाच एक कुर्ता मागवला: पिवळा, वर तपकिरी फराटे, "आर्ट प्रिंट" म्हणून तीनशे रुपये जास्त. घालून बाहेर आले तर सासूबाई म्हणाल्या, "हळद सांडली का गं?" पहिल्याच धुण्यात नवऱ्याचे दोन बनियन पिवळे. तक्रार केली तर विक्रेत्याने "हँडमेड कपड्याचा हा गुणधर्म आहे" असं उत्तर पाठवलं. कुर्ता मशीनवर छापलेला.

मग पुन्हा एकदा तेच चित्र बघायला गेले, या वेळी एकटी. तेव्हा कळलं की त्यात फराटे नाहीतच. गायतोंडे रोलरने रंग चढवायचे, कागदाचे कपटे ठेवून उचलायचे, सुरीने खरवडायचे, पुन्हा थर. त्यामुळे एका पिवळ्याच्या पोटात दहा पिवळे असतात. वर्षाकाठी पाच-सहाच चित्रं व्हायची म्हणे त्यांची. बाकी वेळ बघण्यात आणि थांबण्यात.

यातून मी दोन गोष्टी उचलल्या. एक, दिवसाला एकच रंग, पण पोत निरनिराळे. मोहरी रंगाचा खादीचा कुर्ता, त्याच रंगाच्या जवळपासची टसरची ओढणी, थंडी असेल तर आईची जुनी लोकरी शाल. खादी उजेड पिते, टसर तो परत फेकतं, लोकर धरून ठेवते. आरशात बघितलं तर रंग एकच, आणि तरी काहीतरी चाललेलं असतं. दुसरी गोष्ट, वर्षाला खरेदी सहा नग. यंदा चार झाले.

तर प्रश्न असा: आजच्या किंवा कालपरवाच्या चित्रांतून, गाण्यांतून तुम्ही तुमच्या राहणीत काही आणलंय का? कोणत्या नटीने काय घातलं ते नको, त्याला दुसरे धागे आहेत. गाण्याबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, तिथे तुम्हीच बोला.

शेंगदाणा_चटणी

"हळद सांडली का गं" ला मेले. सासूबाईंना दंडवत सांगा. वाखूसा (वाचनखूण साठवली).

खडूस_काका

ज्या गायतोंड्यांचं एक चित्र २०१३ साली मुंबईच्या लिलावात २३.७ कोटींना गेलं, त्यांच्यावरून आता कुर्ते-ओढण्या. ही पोटभरल्यांची कौतुकं. आमच्या वडिलांकडे दोन शर्ट होते, एक अंगावर एक दोरीवर. त्यांना पर्सनल स्टाइल कोणी विचारली नव्हती.

करवतकाठी

काका, ते कोटी लिलावात बोली लावणाऱ्यांनी मोजले. मी फक्त तिकीट काढलं. आणि दोन शर्टांचं म्हणाल तर वर्षाला सहा नगांवर आलेय, तुमच्या वडिलांच्या दिशेनेच चाललेय.

बुशशर्ट

खडूसकाका, दोन शर्टवाल्या माणसांचीही चित्रं आहेत, आणि तीही आजच्या काळातली. सुधीर पटवर्धन. आमच्या ठाण्याचे. अनेक वर्षं रेडिओलॉजिस्ट म्हणून दवाखाना चालवला, म्हणजे दिवसा माणसांची हाडं बघायची आणि उरलेल्या वेळात माणसं रंगवायची. मुंबईच्या एनजीएमएमध्ये (राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात) २०१९ च्या शेवटी त्यांचं मोठं प्रदर्शन लागलं होतं. मी चित्रकलेतला ढ. बायको घेऊन गेली म्हणून गेलो.

आत सगळी माझीच माणसं. स्टेशनावरची, इराणी हॉटेलातली, कारखान्यातली. कुणीच "तयार होऊन" आलेलं नाही. कपडा अंगाला बसलेला नसतो, अंग कपड्याला बसवलेलं असतं: खांदा ज्या बाजूला पडतो त्या बाजूला शर्ट पडतो. मला माझे वडील आठवले. गिरणीतले. त्यांच्या शर्टाच्या खिशाला रेल्वेच्या पासाचा चौकोन कायमचा उमटलेला असायचा, शर्ट धुतला तरी. इस्त्रीवाला तो चौकोन घालवायचा प्रयत्न करायचा आणि हरायचा.

मी तोपर्यंत हापिसात टाय लावत होतो, गळा काचायचा तरी. त्यानंतर सोडला. आता अर्ध्या बाह्यांचा सुती बुशशर्ट, बाहेर सोडलेला, एक खिसा. शिवून घेतो, कारण तयार शर्टांना हल्ली खिसाच नसतो. शिंपी विचारतो, "साहेब, खिसा कशाला, मोबाइल तर हातात असतो." त्याला काय सांगणार?

याला स्टाइल म्हणायची की नाही ते तुम्ही ठरवा.

खडूस_काका

बुशशर्ट, तो चौकोन आमच्याही घरी होता. (माघार नाही, नुसती नोंद.)

शेंगदाणा_चटणी

पॉपकॉर्न घेऊन बसलेले, रडवलंत.

बोरिवली_फास्ट

गाण्याचं मी बोलतो. वय २४, मारू नका.

कॉलेजात हिपहॉप ऐकायला लागल्यावर मी न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्सचा झालो होतो. लिंकिंग रोडवरून नकली टी-शर्ट, गुडघ्यापर्यंत. जाड साखळी, तीन दिवसांत मानेला हिरवा पट्टा. मग २०१९ ला 'स्वदेसी' या हिपहॉप गटाचं 'द वारली रिव्हॉल्ट' आलं. आरेचं जंगल, आदिवासी पाडे, आणि त्यात आरेतलेच प्रकाश भोईर यांचा आवाज. तो आवाज ऐकून मला माझ्या साखळीची लाज वाटली. बीट तोच, पण माणूस स्वतःच्या जागेवरून बोलत होता. मी कुठल्या जागेवरून बोलत होतो? लिंकिंग रोडवरून.

आमचं मूळ गाव माण तालुक्यात. घरात आजीची काळी घोंगडी होती, माळ्यावर. ठरवलं, हिचं बॉम्बर जॅकेट शिवायचं. शिंप्याने तीन सुया मोडल्या, चौथ्या सुईचे पैसे आधी घेतले. जॅकेट झालं. दिसायला आग. घातलं आणि सकाळच्या लोकलमध्ये शिरलो. जून महिना. (हो, माहितीये.) मालाडपर्यंत मान खाजली, अंधेरीपर्यंत पाठ, दादरला पावसात भिजलो आणि शेजारचे काका म्हणाले, "बाळा, मेंढरू कुठे बांधलंय?"

तर माझा प्रश्न उलटा आहे. इन्स्पिरेशन बरोबर होतं ना? मग फसलं कुठे?

ताणाबाणा

बाळा, फसलं ते कात्रीपाशी.

मी हातमागाच्या कामात आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची. ती लोकर मुळातच राठ, मेरिनोसारखी मऊ नव्हे. धनगर बायका ती चातीवर कातायच्या, सनगर खड्ड्याच्या मागावर विणायचे. विणून झाली की चिंचोक्यांची खळ. चिंचोके भिजवून, कुटून, शिजवून चिकट पेज करायची आणि कुंच्याने घोंगडीवर ओढायची. वाळली की ती पुठ्ठ्यासारखी ताठ होते आणि वीण घट्ट बसते, म्हणून पाऊस चटकन आत येत नाही. तुझ्या सुया मोडल्या त्या त्या ताठपणावर. शिवाय घोंगडी आखीव चौकोन असते. ती खांद्यावर टाकायची, डोक्यावरून खोळ करायची, खाली अंथरायची. बाही हा प्रकार तिच्या गावी नाही. तू गाणं ऐकून बरोबर जागेवर आलास, फक्त त्या जागेचा कपडा लिंकिंग रोडच्या मापात कापलास.

दुसरं, धागाकर्तीच्या मूळ मुद्द्यावर. चित्रं आणि कापड यांचं नातं आपल्याकडे नवीन नाही, आणि ते नुसतं प्रेरणाबिरणा असंही नाही. सरकारच्या विणकर सेवा केंद्रांत चांगले चित्रकार पगारी नोकरीला होते. प्रभाकर बरवे १९६१ च्या सुमारास वाराणसीच्या केंद्रात गेले, नंतर मुंबईच्या केंद्रात आले. अंबादास होते. के. जी. सुब्रमण्यन हातमाग मंडळात डिझाइनचं काम बघायचे. चित्रकाराने कागदावर काढलेलं विणकराला विणता येतंय का, हे तिथे रोज कळायचं. कागदावर गोल काढायला एक क्षण लागतो. ताण्याबाण्यात, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांत, गोल नसतोच, पायऱ्या असतात. बरव्यांच्या चित्रांत वस्तू किती सुट्या, किती मोकळ्या जागेत ठेवलेल्या दिसतात बघा: पान, घड्याळ, सफरचंद. मला उगीच वाटतं की त्या मोकळ्या जागेत मागावरचं काहीतरी आहे. सिद्ध करता येणार नाही, म्हाताऱ्याचं मत समजा.

करवतकाठी ताई, तुमचं नाव विदर्भातल्या साडीचं आणि अंगावर कुर्ते. हे कसं?

करवतकाठी

ताणाबाणा काका, पकडलंत. साडी एकच आहे, लग्नातली, टसरची. काठावरचे करवतीचे दात अजून तसेच टोकदार आहेत, नेसणारीची कंबर तशी राहिली नाही.

रेघोटी

मी बडोद्याची, शिक्षण तिथल्याच कलाशाखेत. माझी देवी नसरीन मोहमदी. कराचीत जन्म, लंडनला शिक्षण, १९७२ पासून बडोद्याला शिकवायच्या, १९९० मध्ये अलिबागजवळ किहीमला वारल्या. चित्रांना नाव नाही, तारीख नाही. नुसत्या रेघा, शाईच्या आणि पेन्सिलच्या. शेवटच्या वर्षांत आजारपणामुळे हातावरचा ताबा सुटत चालला होता आणि रेघा उलट अधिकच नेमक्या झाल्या. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वही मिटून बसले होते.

त्यांच्यावरून काही घालायचं तर रेघांचा शर्ट घ्यावा, हा पहिला विचार. घेतला. बँकेतला माणूस दिसायला लागले.

मग आजीची एक पांढरी मलमलची ओढणी काढली आणि पांढऱ्याच दोऱ्याने धावदोरा घालायला बसले. आडव्या रेघा. दोन रेघांमधलं अंतर मोजायचं नाही, डोळ्याने ठरवायचं: कुठे दाट, कुठे बोटभर मोकळं. अकरा महिने लागले. कारण हापिसचे कॉल चालू असताना कॅमेरा बंद करून टाके घालायचे. आता ओढणी उजेडात धरली की कुठला कॉल कंटाळवाणा होता ते दिसतं. तिथे टाके बारीक आणि अगदी सरळ. भांडण झालं ती रेघ वर चढलीये. उसवणार होते, नाही उसवली. लांबून बघणाऱ्याला ती साधी पांढरी ओढणी वाटते. वाटू दे.

शेंगदाणा_चटणी

रेघोटी, फोटो टाक ना!

रेघोटी

टाकला असता, फोटोत रेघा दिसतच नाहीत.

लोकल_लेडीज

शकुंतला कुलकर्णींचं काम कुणी पाहिलंय का? मुंबईच्याच आहेत. वेताची चिलखतं केलीयेत त्यांनी: अंगभर, शिरस्त्राणासकट. ती स्वतः घालून सार्वजनिक जागी उभं राहून काढलेले फोटो आहेत. बाईला रस्त्यावर चिलखत लागतं, आणि तेच चिलखत पिंजरापण होतं, असं दोन्ही एकदम. २०२४ च्या फेब्रुवारीत पॅरिसला डिऑरच्या शोमध्ये मांडणी त्यांच्या या वेताच्या आकृत्यांची होती, मॉडेल त्यांच्यामधून चालत होत्या. मोठी गोष्ट आहे, पण मला आठवतं ते वेगळंच.

ती चिलखतं बघून घरी आले आणि दुसऱ्या दिवशी लोकलसाठी तयार होताना हात थांबला. ओढणीला दोन पिना, एक खांद्याला एक कमरेला. पर्स पुढे. घड्याळ उजव्या हातात, कारण कोपर मारायची वेळ आली तर डाव्याने मारते. पंधरा वर्षं रोज चिलखत चढवतेय आणि मला वाटायचं मी ड्रेस घालतेय.

मग काय केलं? फार काही नाही. पिना मोठ्या आणल्या. पितळेच्या, दिसतील अशा. लपवायच्या कशाला? खांद्यावरची तर एका सोनाराकडून मुद्दाम करून घेतलीये, साधा लांब काटा. त्याला म्हटलं, टोक ठेव. तो हसला. मी नाही हसले.

बुशशर्ट

_/\_

एडिसनवाला

न्यू जर्सीहून. गायतोंड्यांचं मोठं प्रदर्शन न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात २०१४-१५ च्या हिवाळ्यात होतं, तेव्हा गेलो होतो. बाहेर सगळं गाव काळ्या कोटात, मीसुद्धा. आत भिंतीवर तो केशरी. समोर काळे कोट घालून आम्ही सगळे, अंत्ययात्रेला आल्यासारखे. बायकोला म्हटलं, आपण असे कधीपासून झालो? आई पुण्याहून येताना सॅकमध्ये एक जुनं केशरी उपरणं घेऊन आली होती, तेव्हापासून मफलर म्हणून तेच. दहा हिवाळे झाले. हापिसात मला "ऑरेंज स्कार्फ गाय" म्हणतात. जाता जाता, ताणाबाणा काका, बरव्यांवर वेगळा धागा काढाच.

निळीशाई

नागपूरहून. वाचतोय केव्हापासून, राहवलं नाही.

आमच्याकडे गाणं आणि कपडा कधी वेगळे नव्हतेच. वामनदादा कर्डकांची गाणी ज्या मांडवात ऐकली तिथे आई पांढऱ्या साडीत असायची, वडिलांच्या गळ्यात निळा पट्टा. दीक्षाभूमीवर दसऱ्याला गर्दीत हरवलो तर "आई पांढऱ्या साडीत आहे" सांगून काही उपयोग नसायचा, सगळ्यांच्याच आया पांढऱ्या साडीत.

पण ते सणाचं. रोजचं मला सापडलं चेन्नईच्या एका बँडमध्ये, 'द कास्टलेस कलेक्टिव्ह'. तमिळ दिग्दर्शक पा. रंजित यांनी उभा केलेला. गाना (चेन्नईच्या गल्लीतलं गाणं), रॅप, रॉक, पराई (तिकडचं तालवाद्य) सगळं एकत्र. २०१८ च्या जानेवारीत पहिला कार्यक्रम झाला त्याचे व्हिडिओ पाहिले. मंचावर पोरं सुटाबुटात! ज्या गाण्याला लोक गल्लीतलं म्हणून नाक मुरडत, ते गाणं सूट घालून. भाषा कळत नव्हती, पण सूट कळला. बाबासाहेबांचा पुतळा सुटातच का असतो, हे आमच्यात पोराला शिकवावं लागत नाही.

पहिल्या पगारात सूट शिवायला टाकला. शिंपी म्हणाला, "लग्न ठरलं वाटते!" म्हटलं, नाही. "मग इंटरव्ह्यू?" नाही, नोकरी आहे. "मंग काहून?" आता त्याला काय सांगू, तमिळ गाणं ऐकलं म्हणून? अस्तर निळं लावायला सांगितलं. बाहेरून राखाडी, उघडला की निळा. तो म्हणाला, अस्तर कोण बघते? मी म्हटलं, मी.

आता महिन्यातून एकदा, बिनकारणाचा, घालतो. हापिसात पहिल्यांदा विचारलं, "आज काय विशेष?" आता विचारत नाहीत. वडिलांनी पहिल्या दिवशी बघितलं, काही बोलले नाहीत. संध्याकाळी माझे बूट पॉलिश करून ठेवलेले होते.

लोकल_लेडीज

निळीशाई, अस्तर कोण बघते, मी. 🙏

खडूस_काका

ठीक आहे. पोटभरल्यांची कौतुकं हे शब्द मागे घेतो. २३.७ कोटींवर माझं मत कायम आहे.

बोरिवली_फास्ट

निळीशाई दादा, भारी. एक विचारू? तुम्ही सूट घातला ती कॉपी नाही आणि माझी साखळी कॉपी, असं का? दोन्ही बाहेरूनच आलं ना.

निळीशाई

भाऊ, सूट आमच्या घरच्या भिंतीवर आधीपासून होता, फोटोत. बँडने फक्त सांगितलं की तो रोज घालता येतो. तुझी घोंगडी पण माळ्यावर होतीच की.

करवतकाठी

यावर मी दोन दिवस विचार करतेय. माझ्या पिवळ्याचंही तेच निघालं. आईची एक इरकल आहे, मोहरी रंगाची. विटून तिच्यात चार-पाच पिवळे झालेत, घडीवरचा वेगळा, निऱ्यांचा वेगळा. पदर तेवढा अजून लाल भडक. अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा फास घालून जोडतात ना त्यात, ती जोडणीची रेघ बोटाला लागते. तिच्यापुढे मी एक्केचाळीस कुर्ते आणून रचले होते.

ताणाबाणा काका, तिच्या अंगाचं सूत दोन ठिकाणी विरलंय. रफू करू की तशीच नेसू?

ताणाबाणा

विरलेल्या जागेवर ओढ येते, रफू त्याच्या शेजारून फाटतं. आतून जुन्या मलमलचं ठिगळ लावा, मऊ, चार वेळा धुतलेलं. नवं कापड लावू नका, ते आटेल आणि साडी ओढेल. आणि पिना टोचू नका. लोकल_लेडीजकडच्या तर मुळीच नको.

बोरिवली, तू जॅकेटची शिवण उसव. तुकडे टाकू नकोस. पाठीचा तुकडा चौकोनी उरला असेल तर कडा गोधडीच्या टाक्याने बांधून घे, खांद्यावर टाकायला होईल. डिसेंबरमध्ये. जूनमध्ये नाही.

बोरिवली_फास्ट

उसवलं, काका. पाठीचा तुकडा चांगला मोठा निघाला. आजीला व्हिडिओ कॉलवर दाखवला. आधी शिव्या घातल्या, मग म्हणाली कडा मी बांधते, पाठवून दे. सध्या वास जावा म्हणून गच्चीत उन्हात टाकलाय. त्यावर सोसायटीची मांजर झोपलीये, उठवायची हिंमत नाही.